दुकानाची साइट आणि लेखांची साइट: दोन्हींना एकच माप लागत नाही

कोल्हापुरात चपलांचा किंवा गुळाचा घरचा धंदा असेल आणि पुढच्या पिढीनं ऑनलाइन कामात हात घातला, की दोन-तीन वर्षांत घरात चार-पाच डोमेन जमा होतात. एकावर चपला विकल्या जातात, एकावर गूळ आणि कांदा-लसूण मसाला, एकावर पन्हाळा-जोतिबा-राधानगरी फिरण्याची माहिती, एकावर पाककृती. सगळ्या वर्डप्रेसवर, एकाच होस्टिंगवर आणि हिशोबही एकाच वहीत. मालकाला त्या चारही ‘आपल्या वेबसाइटी’ वाटतात. खरं तर त्यातले दोन धंदे दुकानदारीचे आहेत आणि दोन प्रकाशनाचे.

फरक एका वाक्यात सांगता येतो. लेखांच्या साइटवर आलेला माणूस पान वाचून गेला तरी कमाई झालेली असते. दुकानाच्या साइटवर आलेला माणूस ऑर्डर देऊन, माल ठेवून घेईपर्यंत निव्वळ खर्च असतो. तरीही दोन्हीकडे महिन्याअखेरीस एकच आकडा पाहिला जातो, ‘किती लोक आले’. हा आकडा लेखांच्या साइटला बऱ्यापैकी लागू पडतो, दुकानाला जवळजवळ नाही.

आधी दुकानाचा हिशोब मांडू. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत, तुमचे टाकून पाहा. चपलेचा जोड १,२०० रुपयांना. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडीमागे २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे कर वजा जाता हातात साधारण १,१४३. कारागिराला ६५०, खोका आणि पॅकिंग ४०, कुरिअर ९०, पैसे गोळा करण्याचा खर्च ३०. उरले ३३३. बरेच जण इथेच थांबतात आणि १०० ऑर्डरींना ३३,३०० नफा धरून मोकळे होतात.

आता कॅश ऑन डिलिव्हरीचं गणित घाला. १०० पैकी २० पार्सलं दारातून परत आली. परत आलेल्या प्रत्येकावर जायचे ९०, यायचे ९० आणि वाया गेलेलं पॅकिंग ४०, असे २२० गेले. ८० ऑर्डरींचे २६,६४०, त्यातून ४,४०० वजा, उरले २२,२४०. जाहिरातीवर ऑर्डरमागे १५० खर्च झाले असतील, तर ते सगळ्या १०० ऑर्डरींवर झाले, पोचलेल्या ८० वर नव्हे. १५,००० वजा केले की ७,२४० राहतात. आणि २० ऐवजी ३० पार्सलं परत आली तर? उरतात १,७१०. ऑर्डरी तेवढ्याच, विझिटर तेवढेच, पण महिनाभराचं काम पाण्यात. म्हणून दुकानाच्या साइटला पहिला आकडा ‘पोचून टिकलेली ऑर्डर’ हा लावायचा. ती कमी का होते हे शोधायला पिनकोडनिहाय परतीची यादी काढा. ठरावीक पिनकोड वारंवार परत येत असतील तर तिथे कॅश ऑन डिलिव्हरी बंद करून यूपीआय ठेवा, आणि ऑर्डर आल्यावर माल निघण्याआधी व्हॉट्सअॅपवर पत्ता नक्की करून घ्या.

कुरिअरचा खर्चही खोक्यात दडलेला असतो. जोड काट्यावर ७०० ग्रॅम भरतो, पण कुरिअरवाला आकारमानाचं वजनही काढतो: लांबी, रुंदी आणि उंचीच्या सेंटिमीटरचा गुणाकार भागिले ५,०००, आणि दोन्हींत जे जास्त त्याचे पैसे घेतो. हा भाजक बहुतेक ठिकाणी ५,०००च असतो, तरी आपल्या करारात पाहून घ्या. बुटाचा तयार खोका ३२ × २० × ११ चा असेल तर ७,०४० भागिले ५,०००, म्हणजे १.४ किलो. अर्ध्या किलोच्या टप्प्यानं दर असल्यानं दीड किलोचे पैसे पडतात. कोल्हापुरी चपलेला बुटासारखी उंची नसते. दोन्ही चपला उलटसुलट शेजारी ठेवल्या की ३० × २२ × ७ चा चपटा खोका पुरतो, वजन ०.९२ किलो, म्हणजे एक किलोचा दर. फक्त कान आणि वेणी दबू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घाला. दबलेली वेणी घेऊन आलेला जोड गिऱ्हाईक परतच पाठवतं.

लेखांच्या साइटचा हिशोब याच्या उलट चालतो. तिथे परत येणारं पार्सल नाही, पण पैसा हळू येतो. एक नीट लेख लिहून घ्यायला १,५०० रुपये लागले, महिन्याला १,००० वेळा वाचला गेला आणि जाहिरातींतून हजार वाचनांमागे ६० रुपये मिळाले असं धरा. लेखाचा खर्च निघायला २५ महिने. नुसत्या जाहिरातींवर मराठी साइट चालवणाऱ्यांची दमछाक होते ती यामुळे. त्यात गूगलच्या अॅडसेन्स या जाहिरातसेवेत १०० डॉलर जमेपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत, म्हणजे लहान साइटची कमाई महिनोन्‌महिने नुसतीच आकड्यात दिसते.

दोन्ही साइट एकाच घरात असण्याचा खरा फायदा इथे आहे, आणि नेमका तोच वहीत दिसत नाही. त्याच १,००० वाचकांतून लेखातल्या दुव्यावरून महिन्याला एक जरी पोचलेली ऑर्डर मिळाली, तरी दुकानाचा १५० रुपयांचा जाहिरातखर्च वाचला. मग दुकानानं त्या ऑर्डरमागे लेखांच्या साइटला, समजा, १०० रुपये द्यावेत, वहीत तशी नोंद करूनच. लेखाचे महिन्याचे ६० आता १६० होतात आणि खर्च साडेनऊ महिन्यांत निघतो. ही आतली देवघेव लिहिली नाही तर लेखांची साइट कायम तोट्यात दिसते, घरातले तिला ‘रिकामा उद्योग’ म्हणतात आणि एक दिवस ती बंद होते. पुढच्या महिन्यात दुकानाचा जाहिरातखर्च का वाढला हे कुणालाच कळत नाही. माझ्या मते अशा घरात पहिलं काम नवी साइट काढण्याचं नाही, दोन वह्या वेगळ्या करण्याचं आहे.

वही वेगळी केली तरी विषय एकच असतो, आणि तिथे दुसरा गोंधळ होतो. ‘कोल्हापुरी चप्पल’ हाच शब्द दोन्ही साइटवर. दुकानाच्या ब्लॉगवर लेख, तोच थोडा फिरवून माहितीच्या साइटवर. मग शोधयंत्रात आपलीच दोन पानं एकमेकांच्या वाटेत येतात आणि कधी एक, कधी दुसरं वर दिसतं. वाटणीचा नियम सोपा ठेवा. उत्तर आपल्या मालापुरतं असेल तर पान दुकानावर, उत्तर आपला माल न घेणाऱ्यालाही उपयोगी असेल तर पान माहितीच्या साइटवर. आपल्या जोडासाठी पायाचं माप कसं घ्यावं, आपली चप्पल पावसात भिजली तर ती उन्हात न टाकता सावलीत कशी वाळवावी, तेल कधी द्यावं, हे दुकानावर. कापशी, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी यांत फरक काय, भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे कसे येतात, भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनमध्ये खरेदी करताना काय पाहावं, हे माहितीच्या साइटवर. एकच मजकूर दोन्हीकडे ठेवणं भागच असेल तर एका पानाला कॅनॉनिकल टॅग लावून मूळ कुठलं ते सांगा. आणि सगळ्या साइटच्या तळाशी सगळ्यांचे दुवे ठोकू नका. पाककृतीच्या प्रत्येक पानावर चपलेच्या दुकानाचा दुवा वाचकाच्या कामाचा नसतो, आणि गूगलच्या नियमांत असे सरसकट तळदुवे दुव्यांच्या स्पॅममध्ये मोडू शकतात.

दुकानाच्या पानाचं लिखाण वेगळं असतं. तिथे इतिहास नको, माप हवं. ‘नंबर ८’ एवढं लिहून भागत नाही, तळाची आतली लांबी सेंटिमीटरमध्ये द्या. चामडं वापरानं थोडं सैल होतं, त्यामुळे नवी जोडी किंचित घट्ट लागते, हेही तिथेच लिहा. ते नसलं की गिऱ्हाईक एक नंबर मोठी मागवतं, पंधरा दिवसांनी ती ढिली होते आणि तक्रार येते. माल संपला तर पान उडवू नका. ‘सध्या उपलब्ध नाही’ असं दाखवून ठेवा. तो प्रकार कायमचाच बंद झाला तर पान जवळच्या प्रकाराकडे ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याचा संकेत) वळवा. सगळी बंद पानं मुखपृष्ठावर वळवली तर गूगल त्यांना सॉफ्ट ४०४, म्हणजे नसल्यासारखीच पानं, समजतं आणि जुन्या दुव्यांचं बळ वाया जातं.

तांत्रिक बाजूला दोन चुका इतक्या महाग पडतात की त्यांवर थांबायला हवं.

पहिली कॅशिंगची. लेखांच्या साइटवर पूर्ण पान कॅश करणं, म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून तेच सगळ्यांना दाखवणं, चांगलंच, वेग वाढतो आणि सर्व्हर हलका राहतो. तीच सेटिंग जशीच्या तशी दुकानावर टाकली आणि कार्ट, चेकआउट, माझं खातं ही तीन पानं वगळली नाहीत, तर एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याची कार्ट दिसू शकते, वाईट वेळ असेल तर पत्तासुद्धा. अशीच गत फायरवॉलची, म्हणजे साइटवर येणारी संशयास्पद रहदारी अडवणाऱ्या पहारेकऱ्याची. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी सेवा) पैसे जमा झाल्याचा निरोप वेबहूकनं, म्हणजे थेट साइटला आपोआप, पाठवतो, फायरवॉल तो अडवते, गिऱ्हाइकाचे पैसे कापले जातात आणि ऑर्डर मात्र ‘प्रलंबित’ राहते. म्हणून दुकानाच्या साइटवर कुठलाही प्लगइन (साइटला जोडलेला पूरक प्रोग्राम) अपडेट केला की स्वतः एक स्वस्त वस्तू यूपीआयनं घेऊन पाहा: पैसे गेले, ऑर्डर ‘प्रक्रियेत’ आली, ईमेल पोचला, साठा एकानं घटला, परतावा दिला तर तोही नीट गेला. पाच मिनिटांचं काम आहे. लेखांच्या साइटवर अपडेट आपोआप होऊ द्यायला हरकत नाही, दुकानावर नको.

दुसरी बॅकअपची. लेखांची साइट बिघडली आणि कालचा बॅकअप चढवला तर फार तर एक लेख जातो. दुकानावर कालचा बॅकअप चढवला तर कालपासूनच्या सगळ्या ऑर्डरी पुसल्या जातात, पण गिऱ्हाइकांचे पैसे मात्र आलेले असतात. चाचणीची प्रत मूळ साइटवर ढकलतानाही हेच होतं. फाइली ढकला, ऑर्डरी साठवणारा डेटाबेस ढकलू नका. वूकॉमर्सच्या (वर्डप्रेसवर दुकान चालवणारा प्लगइन) ८.२ या आवृत्तीपासून नव्या दुकानांत ऑर्डरी स्वतःच्या वेगळ्या तक्त्यांत साठतात, तेव्हा जुना बॅकअप प्लगइन ते तक्ते घेतो की नाही हे एकदा उघडून पाहा. दुकानाच्या डेटाबेसचा बॅकअप दर तासाला, लेखांच्या डेटाबेसचा रोज एकदा, आणि दोन्ही साइट वेगवेगळ्या होस्टिंगवर.

वेगळं होस्टिंग कशाला, याचं उत्तर अंबाबाईच्या किरणोत्सवात, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात त्या दिवसांत, मिळतं. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत कोल्हापूरच्या माहितीच्या साइटवर एकाएकी गर्दी होऊ शकते. ही माणसं वेळ, रांग आणि पार्किंग शोधत असतात, चप्पल घ्यायला आलेली नसतात. दोन्ही साइट एकाच सर्व्हरवर असतील तर त्यांच्या ओझ्यानं नेमकं दुकानाचं चेकआउट झोपतं. आणि किरणोत्सवावरचा लेख आदल्या दिवशी टाकून उपयोग नाही, दोन-तीन महिने आधी टाकून शोधयंत्रात मुरू द्यावा लागतो. दरवर्षी नवा पत्ता न करता त्याच पानावर तारीख-वार बदलत राहा. दुकानाचं पंचांग वेगळं: गुऱ्हाळं सुरू झाली की नवा गूळ, दिवाळीआधी मसाला, पावसाळ्यात चपलांची मागणी खाली.

कायद्याचं थोडक्यात. दुकानावर मालकाचं नाव-पत्ता, परतीच्या अटी आणि तक्रार निवारण अधिकारी हवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं. गूळ-मसाल्याला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक. राज्याबाहेर माल पाठवायचा तर सर्वसाधारणपणे उलाढाल न पाहता जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना अटींसह सूट आहे, आपली वस्तू त्या यादीत आहे का हे सीएकडून पाहून घ्या. लेखांच्या साइटची कमाई ही सेवा, तिला एकटीला २० लाखांपर्यंत नोंदणीची गरज नसते. पण नोंदणी पॅनवर होते. दुकानासाठी ती घेतली आणि दोन्ही साइट एकाच पॅनवर असतील, तर परदेशातून डॉलरमध्ये येणारी जाहिरातीची रक्कमही त्याच विवरणपत्रात निर्यात म्हणून दाखवावी लागते. तीवर कर न भरता निर्यात दाखवायची तर दर आर्थिक वर्षी एलयूटी हे हमीपत्र भरावं लागतं. भारतातल्या कंपनीकडून मिळणाऱ्या अॅफिलिएट कमिशनवर (दुव्यावरून झालेल्या विक्रीमागची दलाली) मात्र १८ टक्के जीएसटी लावायचा. पेमेंट गेटवेच्या खात्यातही प्रत्येक दुकानाचं डोमेन वेगळं मंजूर करून घ्या. मसाल्याच्या साइटचे पैसे चपलेच्या साइटच्या मंजुरीवर घेतले तर गेटवे रक्कम रोखून धरू शकतो.

माहितीच्या साइटवरून आपल्याच दुकानाची शिफारस करताना ‘हे दुकान आमचंच आहे’ हे दुव्याच्या शेजारी लिहा, तळाच्या बारीक अक्षरांत नको. २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वं असे हितसंबंध उघड करायला सांगतात. त्याहून मोठं कारण वाचक आहे. ‘खरी चप्पल कशी ओळखावी’ म्हणून विश्वासानं वाचणाऱ्याला शेवटी कळलं की सगळी वाट एकाच दुकानाकडे जात होती, तर तो पन्हाळ्याच्या पानावरही पुन्हा येत नाही.