युकुलेलेवरचा फ्लामेंको आणि षड्जाचा वाद

डी मायनर, सी, बी फ्लॅट, ए. युकुलेले या चार तारांच्या छोट्या वाद्यावर फ्लामेंको (दक्षिण स्पेनच्या अंदालुसियातलं संगीत) वाजवू पाहणारा बहुधा या चार उतरत्या कॉर्डपासून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीपासून) सुरुवात करतो. अंदालुसियन केडन्स (ओळ संपवणारी कॉर्डची मालिका) ती हीच. गिटारवर बोटांची ठेवण अगदी तीच असते, फक्त तिथे ती ए मायनर, जी, एफ, ई अशी वाजते. कारण गिटारच्या खालच्या चार बारीक तारा आणि युकुलेलेच्या चार तारा यांतली स्वरांतरं सारखीच आहेत. युकुलेले त्यांच्याहून एका चौथ्याने (सा ते म इतकं) वर लागते, इतकंच. सोळाव्या शतकातली चार जोडतारांची गिटारही याच अंतरांनी लावली जाई.

फ्लामेंकोची गिटार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंदालुसियातल्या गाण्याच्या कॅफेंमध्ये घडली. त्याच सुमारास, १८७९च्या ऑगस्टमध्ये, पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून निघालेलं एक जहाज होनोलुलूला पोचलं आणि त्यातल्या मजुरांच्या छोट्या तंतुवाद्यांतून युकुलेले जन्मली. कूळ एक, पण दोघांची गाठ पडायला पुढे शतकभर तरी गेलं. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत युकुलेलेचं वेड पसरलं, ते हलक्याफुलक्या गाण्यांच्या साथीसाठी.

खरा गुंता आहे तो शेवटच्या कॉर्डचा. पाठ्यपुस्तकं सांगतात की ही मालिका मायनर स्केलची आहे, ती पाचव्या अंशावर (पंचमावर) येऊन अर्धवट थांबते आणि पहिल्या कॉर्डवर परतायची वाट पाहते. फ्लामेंको वाजवणाऱ्यांना हे मान्य नाही, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर आहे. सोलेआ किंवा बुलेरिया हे फ्लामेंकोचे प्रकार ऐकावेत. गायकाची ओळ त्या शेवटच्या कॉर्डवरच उतरते, गिटारचा तुकडा तिथेच मिटतो, शेवटचा ठोकाही तिथेच पडतो. फांदांगो या प्रकारातली कडवी मेजरमध्ये फिरतात, पण शेवटच्या ओळीला (गिटारवर) एफवरून ईवर उतरल्याशिवाय सुटका नसते. म्हणजे षड्ज तोच. पुस्तक ज्याला वाटेतला थांबा म्हणतं, तो मुक्काम आहे. (सगळा फ्लामेंको असाच, असंही नाही, आलेग्रियास हा प्रकार सरळ मेजरमध्ये आहे.)

यावर ‘फ्रिजियन’ हा शिक्का मारला जातो, तोही अर्धाच बसतो. फ्रिजियन म्हणजे स्वरांपुरता आपला भैरवी थाट, गंधार कोमल. पण शेवटच्या कॉर्डमध्ये गंधार शुद्ध असतो. गाण्यात कोमल, कॉर्डमध्ये शुद्ध, आणि दोन्ही एकाच ओळीत. म्हणून सात स्वरांची ‘फ्लामेंको स्केल’ छापली की एक गंधार हमखास गळतो. षड्ज ए धरला तर स्वर आठ होतात: ए, बी फ्लॅट, सी, सी शार्प, डी, ई, एफ, जी.

नावांचा आणखी एक घोळ. गिटारवादक ईच्या ठेवणीला ‘पोर आरीबा’ म्हणतात आणि एच्या ठेवणीला ‘पोर मेदिओ’. युकुलेलेवर ईची ठेवण लावली की स्वर येतो एचा. अलीकडे इंटरनेटवरच्या व्हिडिओंमुळे गिटारची टॅब (बोटं कुठे ठेवायची ते सांगणारं लेखन) थेट युकुलेलेवर उतरवली जाते, तेव्हा बोटं एका नावाची आणि आवाज दुसऱ्या नावाचा, अशी स्थिती होते.

वादाचा निकाल युकुलेलेवर मात्र कानाला लवकर लागत नाही. गिटारवर अंगठा सर्वांत जाड ई तारेवर पडतो आणि षड्ज कोणता ते ठरतं. नेहमीच्या, वरच्या जीच्या युकुलेलेत जी तार एक सप्तक वर लावलेली असते, त्यामुळे खर्जच नाही. ए कॉर्ड (२१००, म्हणजे जी, सी, ई, ए या तारांवर कितवी पट्टी दाबायची ते आकडे, ० म्हणजे मोकळी तार) धरली की तिचा सर्वांत खालचा स्वर निघतो सी शार्प. कान लगेच डी मायनरकडे झुकतो आणि पाठ्यपुस्तकच जिंकल्यासारखं वाटतं. खालच्या जीची तार लावली की त्याच ठेवणीत तळाला ए येतो. बी फ्लॅटमध्येही (३२११) मूळ स्वरच तळाला बसतो. फ्लामेंकोकडे वळलेले अनेकजण ही तार लावतात, त्यामागे हे सबळ कारण आहे.

पण त्याची किंमत मोजावी लागते. फ्लामेंकोच्या कॉर्डची धार मोकळ्या तारांतून येते. गिटारवर एफ धरून बारीक ई तार मोकळी सोडतात. युकुलेलेवर तेच ३२१० होतं: बी फ्लॅटच्या कॉर्डमध्ये मोकळी ए. पुढे ३१०० धरलं तर ए कॉर्डमध्येच बी फ्लॅट घुसतो. गिटारवर हे दोन स्वर जवळजवळ सप्तकभर लांब असतात. वरच्या जीच्या युकुलेलेवर ते अगदी शेजारी, अर्ध्या स्वराच्या अंतरावर येतात आणि रास्गेआदोच्या (बोटांनी तारांवर झपाट्याने मारायच्या फटकाऱ्याच्या) एका फटक्यात एकमेकांवर घासतात. ही घासाघीस गिटारवर याच ठेवणीत मिळत नाही, आणि खालचा जी लावला की युकुलेलेवरूनही जाते.