इटलीची आघाडी: घाडगे आणि जाधव ज्या लढाईत उतरले ती का लढली गेली?

नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव ही नावं महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक आहेत. घाडगे माणगावजवळचे, जाधव संगमनेरकडच्या निमज गावचे. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघांनाही दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. पण त्यांची हकीकत सांगताना रणांगण ‘इटलीत जर्मनांशी लढताना’ एवढ्यावरच आटोपतं. ते तिथे कशासाठी होते, समोरचा शत्रू त्याच टेकडीवर आणि त्याच नदीकाठी का बसला होता, हे समजल्याशिवाय त्यांनी केलं काय, तेही नीट कळत नाही.

सुरुवात जानेवारी १९४३मध्ये मोरोक्कोतल्या कासाब्लांकात झाली. रूझवेल्ट आणि चर्चिल तिथे भेटले तेव्हा उत्तर आफ्रिकेतली लढाई शेवटाकडे आली होती आणि पुढे कुठे जायचं यावर दोन मतं होती. इंग्लिश खाडी ओलांडून थेट फ्रान्समध्ये उतरावं, बाकी सगळं दुय्यम, हे अमेरिकी लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांचं म्हणणं. ब्रिटिशांना ती वेळ अजून आली नाही असं वाटत होतं. त्यांचा डोळा भूमध्य समुद्रावर होता. तडजोड म्हणून इटलीच्या सिसिली बेटावर उतरायचं ठरलं. मे महिन्यात वॉशिंग्टनच्या बैठकीत इटलीला युद्धातून बाहेर काढायचं आणि जास्तीत जास्त जर्मन फौज तिथे अडकवून ठेवायची असं ठरलं. त्याच बैठकीत अमेरिकेने आणखी एक गोष्ट पदरात पाडून घेतली: भूमध्य समुद्रातल्या सात डिव्हिजन (प्रत्येकी हजारो सैनिकांची फौज) त्या हिवाळ्यात इंग्लंडला न्यायच्या. म्हणजे मोहीम सुरू होण्याआधीच तिच्यातून माणसं काढायचं ठरलं होतं. पुढच्या दोन वर्षांत इटलीत जे घडलं, त्याचं मूळ मला या एका निर्णयात दिसतं.

१० जुलै १९४३ला दोस्त राष्ट्रांच्या फौजा सिसिलीत उतरल्या, २५ जुलैला मुसोलिनी पदच्युत झाला आणि ८ सप्टेंबरला इटलीची शस्त्रसंधी जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशी मार्क क्लार्क यांची अमेरिकी पाचवी आर्मी सालेर्नोच्या किनाऱ्यावर उतरली. मॉन्टगोमेरी यांची ब्रिटिश आठवी आर्मी बुटाच्या आकाराच्या इटलीच्या टाचेकडून आणि चवड्याकडून वर सरकत होती. आठवी भारतीय डिव्हिजन त्याच महिन्यात टारांटोला उतरली.

इकडे जर्मन सेनापतींमध्येही वाद होता. रोमेल यांना दक्षिण इटली सोडून देऊन उत्तरेच्या डोंगररांगेत बसायचं होतं. केसेलरिंग म्हणाले, रोमच्या दक्षिणेलाच अडवू. इंचाइंचाला किंमत वसूल करू. नोव्हेंबरमध्ये हिटलरने केसेलरिंग यांच्या बाजूने कौल दिला. केसेलरिंग नंतर युद्धगुन्हेगार ठरला, इटालियन नागरिकांच्या कत्तलींचा डाग त्याच्यावर कायमचा आहे. पण बचावाची लढाई त्याला उत्तम समजत होती, आणि देशाचा भूगोल त्याच्या बाजूने होता. इटलीच्या मधोमध अपेनाइन पर्वताचा कणा जातो. त्यातून निघणाऱ्या नद्या दोन्ही बाजूंच्या समुद्राला मिळतात. दक्षिणेकडून चढाई करणाऱ्याला एक नदी ओलांडली की टेकडी, टेकडी घेतली की पुढे दुसरी नदी. मागे हटणारा पूल उडवतो, सुरुंग पेरतो, पलीकडच्या उंचवट्यावर मशीनगन लावतो आणि वाट पाहतो. रणगाडे आणि विमानं किती का असेनात, शेवटी काठावरून पाण्यात उतरावं लागतं ते पायदळालाच.

१९४३-४४च्या हिवाळ्यात हे सारं रोमच्या वाटेवरच्या कासिनो गावाला येऊन थटलं. जानेवारी ते मे १९४४ या काळात तिथे चार लढाया झाल्या. दुसऱ्या लढाईत चौथी भारतीय डिव्हिजन गावावरच्या मठाच्या डोंगरावर चढत होती. १५ फेब्रुवारीला तो प्राचीन मठ बॉम्बने उद्ध्वस्त केला गेला, आणि मग त्याच ढिगाऱ्यात जर्मनांनी मोर्चे बांधले. ११ मेच्या रात्री सुरू झालेल्या चौथ्या लढाईत मात्र इटलीतल्या दोस्त फौजांचे सेनापती अलेक्झांडर यांनी खरी व्यूहनीती दाखवली. आठव्या आर्मीचा मोठा भाग गुपचूप पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे आणला, शत्रूला समुद्रमार्गे नव्या हल्ल्याची भीती दाखवली, आणि सगळा जोर एकाच ठिकाणी लावला. जनरल ज्युएन यांच्या फ्रेंच कोअरमधले (कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेली फौज) मोरोक्कन आणि अल्जेरियन सैनिक जो डोंगर दुर्गम समजला जात होता तोच ओलांडून गेले. आठव्या भारतीय डिव्हिजनने गारी नदी पार केली. १८ मेला पोलिश सैनिक मठात पोचले.

फळी फुटली होती. अँझिओच्या किनाऱ्यावर जानेवारीपासून अडकलेली अमेरिकी कोअरही बाहेर पडली होती. तिने वाल्मोन्तोने गाठलं असतं तर जर्मन दहाव्या आर्मीची परतीची वाट बंद झाली असती. क्लार्क यांनी २५ मेला तिचा मोठा भाग रोमकडे वळवला. ४ जूनला रोम मिळालं, दहावी आर्मी निसटली. दोनच दिवसांनी नॉर्मंडीत फौजा उतरल्या आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. क्लार्क यांच्या या निर्णयावर आजही वाद होतात. माझ्या मते तो अक्षम्य होता, कारण निसटलेली फौज नंतर प्रत्येक टेकडीवर पुन्हा भेटत गेली.

त्यातल्याच एका टेकडीवर १० जुलै १९४४ रोजी यशवंत घाडगे होते. दहावी भारतीय डिव्हिजन टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून उत्तरेकडे सरकत होती. जर्मन मोठी लढाई देत नव्हते. मागची संरक्षक फळी पुरी होईपर्यंत वेळ काढत होते. अशा वेळी शत्रूची एकेक मशीनगन अख्खी कंपनी थोपवते. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत घाडगे एका सेक्शनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, प्रमुख होते. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांचे सगळे साथीदार ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच तिच्यावर धावून गेले. ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदूक उलटी धरून दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय २२. तिथून जवळच्या मोन्तोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं.

ऑगस्टमधल्या दक्षिण फ्रान्सच्या मोहिमेसाठी इटलीतून सात डिव्हिजन काढल्या गेल्या, आणि त्यात डोंगरात सर्वांत तरबेज असलेले ज्युएन यांचे सैनिकही गेले. समोर जर्मनांची तीच मागची संरक्षक फळी, म्हणजे गॉथिक फळी होती, पेझारोपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत. २५ ऑगस्टला आठव्या आर्मीने एड्रियाटिक बाजूने हल्ला चढवला. फळी भेदली, २१ सप्टेंबरला रिमिनी पडलं. पलीकडे पो नदीचं सपाट मैदान, म्हणजे रणगाड्यांना मोकळं रान, अशी आशा होती. पण मैदानात ओळीने नद्या होत्या आणि पावसाळी शरद ऋतू लागला होता. चिखलात आणि पुरात एकेक नदी ओलांडत वर्षअखेरीला फौजा सेनिओच्या काठी थांबल्या.

सेनिओचं पात्र जेमतेम १५ फूट रुंद, पाणी चार-पाच फूट. पण मैदानाला पुरापासून वाचवायला दोन्ही बाजूंना उंच बांध घातलेले. जर्मनांनी हे बांध आतून पोखरले होते. पलीकडच्या बांधावर तर ते होतेच. शिवाय अलीकडच्या बांधाच्या नदीकडच्या उतारावरही त्यांची ठाणी होती. ती आपल्या तोफांना दिसत नव्हती, आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या पाठीवर नेम धरून होती. त्याच उतारावर सुरुंगांचा पट्टा.

एप्रिलपर्यंत आठव्या आर्मीचे नवे सेनापती मॅक्रीरी यांनी बारकाईने तयारी केली. ९ एप्रिल १९४५ला दुपारी ८००हून अधिक जड बॉम्बफेकी विमानं आली. मग तोफांचा मारा सुरू व्हायचा, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, म्हणजे खरा हल्ला कधी येतो ते शत्रूला उमगू नये. शेवटी विमानांनी बॉम्ब न टाकता नुसतीच झेप घेतली. जर्मन डोकी खाली गेली आणि त्याच क्षणी आगीचे फवारे सोडणारी वाहनं व पायदळ पुढे झालं. आठवी भारतीय आणि न्यूझीलंडची डिव्हिजन शेजारी शेजारी होत्या.

नामदेव जाधव पहिल्या पलटणीत कंपनीचे निरोपे होते. नदी पार करून पलीकडे निघताना मागच्या, म्हणजे अलीकडच्या बांधातून किमान तीन ठाण्यांचा मारा आला. कंपनी कमांडर आणि दोन जण जखमी झाले. कमांडरसोबतच्या तुकडीतले जाधव सोडून बाकी सगळे मेले. त्यांनी एका जखमीला उचलून पाण्यातून, सुरुंगांतून बांधावर नेलं. परत येऊन दुसऱ्याला नेलं. मग एक ठाणं टॉमीगनने गप्प केलं. हाताला गोळी लागल्यावर बंदूक फेकली आणि ग्रेनेडनी आणखी दोन ठाणी संपवली; मधे ग्रेनेड संपले तेव्हा सरपटत बांधावर जाऊन सोबत्यांकडून आणले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत उरलेल्या कंपन्यांना पार बोलावलं. जी जागा तोफा आणि विमानांच्या आवाक्यात येत नव्हती, ती त्यांनी मोकळी केली. त्याच संध्याकाळी त्याच नदीवर गाजवलेल्या शौर्यासाठी शिपाई अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पोच्या पलीकडे हटायची परवानगी हिटलरने दिली नाही, आणि पोवरचे पूल विमानांनी आधीच तोडले होते. त्यामुळे या वेळी जर्मन फौज निसटली नाही. २१ एप्रिलला बोलोन्या पडलं, २९ला कासेर्ता इथे शरणागतीवर सह्या झाल्या, २ मेला ती लागू झाली.

या मोहिमेने वीसेक जर्मन डिव्हिजन अडकवून ठेवल्या, असं तिचे समर्थक सांगतात. ते खरं आहे, पण तितकीच दोस्तांची फौजही अडकली हेही खरं. भारतीय फौजेचे सुमारे ५० हजार जण इटलीत लढले. त्यांतले ५,७८२ परतले नाहीत. कासाब्लांकात किंवा वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या देशाला कुणी विचारलं नव्हतं. त्या दोन हिवाळ्यांतली किती माणसं केवळ अर्धवट मनाने चालवलेल्या मोहिमेपायी गेली, हा प्रश्न शौर्यपदकांच्या यादीशेजारी मांडायलाच हवा.