गोवा आणि ‘हातावर हात ठेवून बसलेलं’ सरकार

‘नेहरूंनी 14 वर्षं काहीच केलं नाही, मग एकदम सैन्य पाठवलं,’ हे वाक्य पोर्तुगीजांच्या ताब्यातून गोवा सोडवण्याबद्दल दर डिसेंबरात फिरतं. ते खरं नाही. उशीर झाला हे मात्र खरं.

जून 1953 मध्ये भारताने पोर्तुगालची राजधानी लिस्बनमधली वकिलात बंद केली. 15 ऑगस्ट 1955 ला पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक जण मारले गेले. त्यानंतर रेल्वे थांबली, व्यापार तोडला, सीमा बंद झाली. सैन्य नको, नाकेबंदीने पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार नमेल, असा दिल्लीचा हिशेब होता.

हिशेब चुकला, तो गोव्यातल्या मुरगाव बंदरामुळे. समुद्र मोकळा होता. बटाटे हॉलंडहून, तांदूळ पाकिस्तानातून, सिमेंट जपानमधून येऊ लागलं. लोहखनिज परदेशी जात राहिलं, त्या पैशावर गोव्याची आयात चालली. दाबोळीला विमानतळही उभा राहिला. झळ बसली ती दोन्हीकडे नातीगोती असलेल्या साध्या माणसांना. (बेळगाव-सावंतवाडीकडच्यांना हे वेगळं सांगायला नको.)

नोव्हेंबर 1961 मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून भारतीय जहाजावर गोळीबार झाला. 18 डिसेंबरला सैन्य आत शिरलं. सुरक्षा परिषदेतला भारतविरोधी ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने अडला आणि 19 तारखेला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली.