एका पंगतीतले दोघे: सिस्सितोस आणि पारासितोस

प्राचीन ग्रीकमध्ये ‘सितोस’ म्हणजे धान्य, आणि त्यावरून एकूणच अन्न. त्याला ‘सिन्’, म्हणजे सह, जोडलं की होतो सिस्सितोस: बरोबर बसून जेवणारा. ‘पारा’, म्हणजे शेजारी, जोडलं की पारासितोस: कुणाच्या तरी शेजारी बसून जेवणारा. दोन्ही अर्थ इतके जवळचे की गल्लत व्हायचीच. शिधा कोण आणतं हे विचारलं की मग दोघे वेगळे दिसू लागतात.

स्पार्टा या ग्रीक नगरराज्यातला सिस्सितोस आपला शिधा घेऊन येई. तिथे नागरिक पुरुषांनी रात्री घरी जेवायचं नाही, साधारण पंधराजणांच्या ठरलेल्या पंगतीत जेवायचं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की दरमहा प्रत्येकाने एक मेदिम्नोस जवाचं पीठ द्यायचं (अथेन्सच्या मापाने हे सुमारे 52 लिटर भरतं), शिवाय वाइन, चीज, अंजिरं. नवा माणूस घ्यायचा असला की जो तो पावाचा मऊ गोळा नोकराच्या डोक्यावरच्या भांड्यात टाकी. एकानेही तो चेपून टाकला, तर प्रवेश नाही. राजालाही सूट नसे. अथेन्सवाल्यांना हरवून परतलेल्या आगिस राजाने बायकोसोबत जेवावं म्हणून आपला वाटा घरी मागवला. तो नाकारला गेला.

पारासितोस मात्र दुसऱ्याच्या अन्नावर जेवतो. आज ‘पॅरासाइट’ म्हटलं की जंत, उवा, झाडावरचं बांडगूळ आठवतं, म्हणून हे आवर्जून सांगावंसं वाटतं की हा शब्द मुळात मानाचा होता. अथेन्सजवळ किनोसार्गेसला हेराक्लिस या ग्रीक वीराचं मंदिर होतं. तिथल्या पुजाऱ्याबरोबर नैवेद्याच्या जेवणाला बसण्यासाठी नेमलेल्या लोकांना पारासितोस म्हणत. इ.स.पू. चौथ्या शतकात विनोदी नाटककारांनी हा शब्द उचलला आणि श्रीमंताची हांजी हांजी करून फुकट जेवणाऱ्या आयतोबाला चिकटवला. पुढे लॅटिनमध्ये आणि जीवशास्त्रात गेला तो हाच अर्थ घेऊन.

पण म्हणून सिस्सितोसची पंगत समतेची होती असं समजू नये. ज्या गरीब स्पार्टनला शिधा देणं झेपत नसे, त्याचं नागरिकत्वच जाई. क्रीट या ग्रीक बेटावर हा खर्च सार्वजनिक उत्पन्नातून होई, आणि ॲरिस्टॉटलला तीच रीत अधिक चांगली वाटली.