इंग्लिश पाइप-मिश्रणांची पारख

व्हर्जिनिया, ओरिएंटल आणि लताकिया या तीन प्रकारच्या पानांचे, वरून सुगंध किंवा पाक न चढवलेले मिश्रण म्हणजे पाइपच्या तंबाखूतील ‘इंग्लिश’ मिश्रण. त्याचा वास, चव, कडकपणा आणि जळण्याची रीत तपासून प्रत ठरवणे म्हणजे त्याची पारख. नाव इंग्लंडचे असले तरी यातले पान तिथल्या मातीतले नसते. व्हर्जिनिया मुख्यतः अमेरिका आणि आफ्रिकेतून येते, ओरिएंटल ग्रीस-तुर्कस्तानातून, लताकिया भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावरून. इंग्लंडचा आहे तो मिसळणारा हात. शिवाय ब्रिटनमध्ये तंबाखूत परकी द्रव्ये घालण्यावर दीर्घकाळ कायद्याचा अंकुश होता. त्यामुळे तिथल्या मिश्रकांना जी काही चव आणायची ती पानाला पान जोडूनच आणावी लागे. व्हॅनिला, चेरी, रम चढवलेल्या ‘अरोमॅटिक’ तंबाखूची पारख सोपी असते, कारण जिभेवर येते ते बहुधा वरचे लेपन. इंग्लिश मिश्रणात असा आडोसा नसतो.

तीन पाने

तिघांत लक्ष वेधून घेते ती लताकिया. हे सिरियातील एका बंदराचे नाव; तिथून ही तंबाखू जगात जाई. पान उन्हात वाळवून बंद कोठीत आढ्याला टांगतात आणि खाली कित्येक आठवडे लाकूडफाटा धुमसत ठेवतात. धूर पिऊन पिऊन पान जवळजवळ काळे होते. आज बाजारात मिळते ती प्रामुख्याने सायप्रस पद्धतीची: इझमीर जातीचे पान आणि पाइन, मर्टल, मस्तकी अशा तिथल्या झाडाझुडपांची धुरी. सिरियातील लताकियाचे पानही वेगळे होते आणि जळणही. तिची चव कमी चामडी, अधिक आंबूस, वाइनकडे झुकणारी. सिरियातील उत्पादन आता थांबल्यातच जमा आहे. धुरीपायी होणारी जंगलतोड हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

लताकियाचा डबा उघडल्यावर मराठी नाकाला आधी आठवते ती हुरड्याची आगटी, दुसऱ्या श्वासाला नवी कोरी कोल्हापुरी चप्पल, आणि जरा थांबले तर कुठेतरी ऊद. इंग्रजी वर्णनांत इथे चर्चमधला धूप आणि धुरी दिलेला चिनी लॅपसांग सूचाँग चहा येतो. नाक तेच, आठवणी वेगळ्या. चाखणाऱ्याने आपल्याच आठवणींतले शब्द वापरावेत हे उत्तम. उसन्या शब्दांनी लिहिलेले वर्णन पुढच्या वेळी त्याचे त्यालाच उलगडत नाही.

काळी म्हणजे कडक, हा समज आपल्याकडे पक्का आहे. निपाणीकडच्या विडीच्या तंबाखूशी ओळख असलेल्याला तो सोडणे जड जाते. पण लताकियात निकोटिन कमीच असते. तिचा वास दांडगा, अंग मवाळ. इंग्लिश मिश्रण ओढून एखाद्याला तंबाखू लागलीच, तर त्याचे कारण लताकियात क्वचितच सापडते. त्याने घाईघाईने झुरके घेतलेले असतात, किंवा मिश्रणात दुसरे एखादे जड पान असते.

ओरिएंटल पाने लहान, कित्येकदा तळहातापेक्षाही लहान, आणि रुक्ष डोंगराळ जमिनीत वाढलेली. येनिजे, सामसून, इझमीर ही नावे त्या त्या गावांची किंवा मुलखांची. आंबूस, कोरडी, किंचित मसालेदार अशी ही चव जिभेच्या कडांना जाणवते. सुक्या कोकमाच्या बरणीत नाक घातल्यासारखी. मिश्रणात हिचे काम मोठे आणि नाव छोटे. लताकियाचा धूर आणि व्हर्जिनियाची गोडी यांच्यामध्ये ही नसेल, तर दोन्ही चवी एकमेकींना पाठ करून बसतात.

व्हर्जिनिया हा पाया. बंद कोठीत नळ्यांतून खेळवलेल्या उष्णतेने हे पान वाळवतात, त्यामुळे त्यातली साखर टिकते. पिवळे पान सुक्या गवताच्या आणि लिंबाच्या सालीच्या अंगाने जाते, तांबडे पान भाजलेल्या पावाच्या आणि गुळाच्या. याच जातीची तंबाखू आंध्र प्रदेश आणि कर्नाटकात पिकते, मुख्यतः सिगारेटींसाठी. तिच्या व्यापाराचे नियमन करणारे तंबाखू मंडळ १९७६पासून गुंटूरला आहे.

याखेरीज लुइझियानातील सेंट जेम्स परगण्यात पिंपात दाबून आंबवलेली पेरीक, किंवा वाफ आणि दाब देऊन मऊ केलेली कॅव्हेंडिश ही पानेही पाहुणी म्हणून येतात. कॅव्हेंडिश घातलेल्याला ‘स्कॉटिश’ आणि ओरिएंटलचा वरचष्मा असलेल्याला ‘बाल्कन’ म्हणण्याचा प्रघात आहे. पण दोन मिश्रक या सीमा एकाच ठिकाणी आखत नाहीत. परीक्षकाने लेबलवरील जात वाचावी आणि विसरून जावी.

लंडनचे दुकान

या प्रकाराला आजचा घाट आला त्यात अनेक दुकानांचा वाटा आहे. सर्वांत गाजले ते आल्फ्रेड डनहिलचे. त्याने १९०७ साली लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचे दुकान काढले. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे पाने मिसळून द्यायची आणि ते मिश्रण क्रमांक घालून वहीत नोंदवायचे, अशी तिथली पद्धत होती. पुढे जगभर डब्यांतून गेलेले ‘माय मिक्स्चर ९६५’ हे नाव त्या पद्धतीतले. याच घराण्यातील ‘अर्ली मॉर्निंग पाइप’ आणि ‘नाइटकॅप’ ही नावे तर पारखीचा एक धडाच आहेत. पहिले पहाटेच्या कोऱ्या जिभेसाठी, हलके. दुसरे दिवसाच्या शेवटी, पेरीक घातलेले, भारी. एका बैठकीत दोन मिश्रणे चाखायची झाली तर क्रम हाच: आधी हलके, मग भारी. ठेच्यानंतर वरणाची चव विचारण्यात अर्थ नसतो. डनहिलच्या नावाने तंबाखू निघणे बंद झाल्यावर २०१९पासून यांतली बरीच मिश्रणे ‘पीटरसन’ या नावाखाली मिळतात.

चाखण्याची रीत

पारख आगपेटी हातात घेण्याआधीच सुरू होते. डब्यातील तंबाखू पाहावी: पिवळे, तांबूस, तपकिरी आणि काळे धागे वेगवेगळे दिसतात का, की सगळा एकच चिखल आहे? काळ्या धाग्यांवरून लताकियाचा अंदाज बांधायचा मोह होतो. पण काळी कॅव्हेंडिशही तितकीच काळी असते, म्हणून डोळ्यावर विसंबू नये. तंबाखू दाबलेल्या पट्ट्यांच्या स्वरूपात, म्हणजे फ्लेक असेल, तर ती तळहातावर अंगठ्याने मळून सुटी करावी लागते. या कामात मराठी हात उपजत तरबेज असतो. फक्त चुन्याची डबी शोधायची सवय आवरायची. मळताना सुटणारा वास डब्यातल्या वासापेक्षा खरा, कारण तो पानाच्या आतून येतो.

मग ओल. चिमूटभर तंबाखू दोन बोटांत दाबून सोडावी. गोळा होऊन राहिली तर ओली, कुरकुरली तर कोरडी. हळूच उलगडली तर ठीक. नवीन डब्यातील माल बहुधा ओला असतो आणि अर्धा तास कागदावर पसरावा लागतो. ही सूचना थंड-कोरड्या देशांत लिहिली गेली आहे. मुंबईच्या पावसाळ्यात कागदावर पसरलेली तंबाखू वाळण्याऐवजी आणखी ओल धरते. एखाद्या मिश्रणाविषयीचे वाईट मत खरे तर ओलीविषयीचे असते. ओल्या तंबाखूची वाफ जीभ पोळते, आणि पोळलेल्या जिभेला तिन्ही पाने सारखीच लागतात.

पाइप भरताना तीन थर देतात. पहिला लहान मुलाच्या हाताने, दुसरा बाईच्या, तिसरा पुरुषाच्या, अशी पाइपवाल्यांची जुनी म्हण आहे. बायकांच्या हाताचा जोर त्यांनी कुठे मोजला कोण जाणे, पण सूचना उपयोगी आहे: तळाशी सैल, वर घट्ट. ओढून पाहिल्यावर हलकासा अडथळा जाणवला पाहिजे. पहिली काडी फक्त वरचा थर करपवण्यासाठी. फुगून आलेले धागे दाबणीने बसवायचे आणि दुसऱ्या काडीने खरे पेटवायचे. काडीचे गंधक जळून जाईपर्यंत क्षणभर थांबावे, नाहीतर पहिला निकाल काडेपेटीचाच लागतो.

पाइप कोणता, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा गंभीर आहे. ब्रायर, म्हणजे भूमध्य प्रदेशातील एका झुडपाच्या मुळाजवळच्या गाठीचे लाकूड, वास धरून ठेवते. ज्या पाइपात वर्षभर लताकिया ओढली त्यात दुसरी कुठलीही तंबाखू भरली तरी मागून आगटी धुमसतच राहते. पाइपवाले याला भूत लागणे म्हणतात. म्हणून तुलना करताना प्रत्येक नमुना कोऱ्या मातीच्या पाइपात किंवा मक्याच्या कणसाच्या पाइपात चाखावा. कणसाचे पाइप अमेरिकेतील मिसूरी राज्यात १८६९पासून कारखान्यात बनतात. ते स्वस्त असतात आणि दर मिश्रणाला एक राखून ठेवणे परवडते.

यानंतर झुरके लहान आणि सावकाश, गरम चहा बशीतून भुरकल्यासारखे. धूर छातीत ओढायचा नसतो. तो तोंडात घोळवायचा आणि त्यातला थोडा नाकातून सोडायचा. जिभेला गोड, आंबट, कडू, खारट अशा मोजक्याच चवी कळतात. बाकी सगळी बारीक चव नाकात असते. ओरिएंटलचा मसालेदारपणा कित्येकांना नाकातून धूर सोडल्यावरच पहिल्यांदा ओळखू येतो. ठसका लागला तर घोट मोठा होता.

पहिल्या तृतीयांशात लताकिया पुढे असते. मिश्रणाची खरी कसोटी मधल्या भागात लागते. नाक धुराला सरावते, आणि धूर मागे सरकल्यावर खाली काय उरते ते तेव्हा कळते. चांगल्या मिश्रणात व्हर्जिनियाची गोडी हळूहळू वर येते आणि ओरिएंटलचा आंबूसपणा तिला उचलून धरतो. कच्च्या मिश्रणात उरते ती नुसती राख आणि कडवटपणा. लताकिया ही फोडणी आहे. फोडणीवर भात मोजू नये. साधारण दहाव्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत तिचे प्रमाण असू शकते, पण निम्मी लताकिया असलेले मिश्रणही पायाने उभे असू शकते आणि दहाव्या हिश्शाचेही पोकळ. शेवटच्या तृतीयांशात ओल आणि डांबर तळाशी साचते. तिथली चव बिघडली म्हणून लगेच गुण कापू नयेत. दोष भरणाऱ्याचाही असू शकतो. तळाशी ओला गोळा न उरता करडी, भुरभुरीत राख उरली, तर पान, ओल आणि हात तिन्ही जमले असे समजावे.

गुण देणे

सर्वसाधारणपणे कडकपणा (म्हणजे निकोटिनचा जोर), चवीची भर आणि खोलीतला वास असे वेगवेगळे मोजतात. पहिले दोन एकमेकांत मिसळणे ही नवख्याची नेहमीची चूक. तिसऱ्याचा निकाल ओढणाऱ्याने द्यायचाच नसतो. तो घरातल्यांनी द्यायचा. लताकियाच्या बाबतीत तो बहुधा एकमताने आणि मोठ्या आवाजात येतो. आकड्यांपेक्षा चार ओळींची नोंद बरी: पाइप कोणता, ओल किती, पोटात काय होते, आणि तिसऱ्यांदा ओढल्यावर मत बदलले का. एका बैठकीवर दिलेले गुण बैठकीचे असतात.

पाइप सावकाश ओढण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही होतात. प्रत्येकाला ३ ग्रॅम तंबाखू आणि दोन काड्या मिळतात, आणि ज्याचा पाइप शेवटी विझेल तो जिंकतो. त्यात चवीला गुण नाहीत. तरी तिथला शांत झुरका चाखणाऱ्याने शिकण्यासारखा असतो.

धूर छातीत न ओढण्याने धोका टळत नाही. निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात जाते, सवय लागते, आणि पाइप ओढणाऱ्यांत ओठ, तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका व फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त आढळते. लताकियाची धुरी नैसर्गिक आणि मिश्रण ‘शुद्ध’ असल्याने यात काही फरक पडत नाही. भारतात २००३च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आहे, आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करणारे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८पासून लागू आहेत.

जुने डबे

बंद डब्यात व्हर्जिनिया मुरते, तिची टोके गोलावतात. लताकिया मात्र वर्षांगणिक फिकी पडते. त्यामुळे इंग्लिश मिश्रण जितके जुने तितके चांगले असा सरसकट नियम लावता येत नाही. पाच वर्षांचा डबा अनेकदा नव्यापेक्षा गोळीबंद लागतो. तीस वर्षांचा डबा हे जवळजवळ दुसरेच मिश्रण असते. जुन्या लंडनच्या ‘बाल्कन सोब्रानी’ या मिश्रणाविषयी हा वाद कायम चालतो. मूळ उत्पादन थांबल्यावर काही वर्षांनी ते जर्सी बेटावर पुन्हा बनू लागले, आणि जुने डबे जपून ठेवलेल्यांनी दोन्ही शेजारी ठेवून चाखले. नवे अधिक धुरकट, जुने अधिक मृदू, असा शेरा त्यातून सहज निघतो. पण जुन्या डब्यातली लताकिया दशकानुदशके उतरत आलेली असते. ते मिश्रण ताजे असताना कसे लागत होते, हे आता कुठलाच डबा उघडून कळत नाही.