आवृत्ती वेगळी, पुनर्मुद्रण वेगळं

मागच्या महिन्यात परभणीत आमच्या वाचनगटात पुन्हा तेच झालं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचायला घेतलं होतं. आम्ही सात जण, सात प्रती. एका ताईंनी एक प्रसंग वाचून दाखवला आणि दोघीजणी पानं उलटत राहिल्या. त्यांच्या पुस्तकात तो प्रसंगच नव्हता. त्यांच्या हातात संक्षिप्त प्रत होती, हे समजायला अर्धा तास गेला. तोवर त्यांचं एकच म्हणणं, "आमची तर नवी आवृत्ती आहे, आत्ताच छापलेली."

आत्ताच छापलेलं पुस्तक म्हणजे नवी आवृत्ती, हा घोळ मी गेली वीस वर्षं ऐकते आहे. पुस्तकावर जीव असलेली माणसंसुद्धा तो करतात, म्हणून जास्त वाईट वाटतं.

पुनर्मुद्रणाबद्दल फार सांगायला नको. प्रती संपल्या, तोच मजकूर पुन्हा छापला, झालं. कागद पांढराशुभ्र झाला, किंमत दीडशेची तीनशे झाली, मुखपृष्ठ बदललं, तरी ते पुनर्मुद्रणच. आवृत्ती बदलते ती आतल्या मजकुराला कुणाचा तरी हात लागल्यावर. लेखकानं भर घातली, संपादकानं टिपा जोडल्या, कुणी काटछाट केली, तर नवी आवृत्ती. 'स्मृतिचित्रे'चंच घ्या. अशोक देवदत्त टिळकांनी संपादित केलेली अभिनव आवृत्ती ही खरी आवृत्ती, कारण तिच्यात संपादनाचं काम आहे. संक्षिप्त प्रत हीसुद्धा आवृत्तीच, फक्त वेगळी. अभिनव आवृत्ती उद्या पुन्हा छापली, तर ते तिचं पुनर्मुद्रण.

एवढं सरळ असताना घोळ कुठून आला? खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या छपाईतून. पूर्वी एकेक अक्षर वेचून ओळी जुळवायच्या, फर्मा, म्हणजे एका वेळी छापायच्या पानांचा संच, छापायचा आणि मग खिळे सोडवून परत खान्यांत टाकायचे. शिसं महाग, अख्ख्या पुस्तकाचा जुळलेला मजकूर वर्षानुवर्षं कोण अडकवून ठेवणार? त्यामुळे पुस्तक पुन्हा छापायचं तर बहुतेक वेळा पहिल्या पानापासून जुळणी करावी लागे. जुळणी नवी म्हटल्यावर लेखक चार चुका दुरुस्त करायचा, जुळारी चार नव्या घालायचा. तेव्हा दुसऱ्या खेपेला 'दुसरी आवृत्ती' म्हणणं चुकीचं नव्हतं. पुढं ऑफसेट आलं, नंतर संगणक आला. आता मजकूर तयार पडलेला असतो आणि हव्या तितक्या वेळा तसाच छापता येतो. काम बदललं, शब्द मात्र तोच राहिला. 'आवृत्ती अठरावी' असं छापलेलं असतं आणि आत पहिल्या खेपेचं अक्षर न् अक्षर असतं. प्रकाशकांनी इथं स्पष्ट 'पुनर्मुद्रण' छापावं, असं माझं ठाम मत आहे. काहीजण छापतात, त्यांचं मला फार कौतुक वाटतं.

आता खरी अडचण. ती आकड्यात नाही, अनुस्वारात आहे.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यात आणखी भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत न उच्चारले जाणारे अनुस्वार जागोजाग असत: कांहीं, नाहीं, त्यानें, घरांत. नव्या नियमांनी ते काढले. मग जुनी पुस्तकं पुन्हा जुळवताना हे अनुस्वारही निघाले. बहुतेक वाचक म्हणतात, ठिपके गेले, त्यात काय एवढं? मजकूर तर तोच.

तोच राहत नाही. हे मी बी. रघुनाथ वाचताना शिकले. आमच्या परभणीचा हा लेखक ७ सप्टेंबर १९५३ ला गेला, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं सगळं जुन्या लेखनातलं. आता मी माझंच एक वाक्य जुन्या पद्धतीनं लिहिते: 'गांवांत पाऊस झाला नाहीं.' एका गावात की अनेक गावांत? आज आपण एका गावासाठी 'गावात' लिहितो, अनेक असतील तर 'गावांत'. जुन्या लेखनात 'आंत'वरून आलेला हा अनुस्वार एकवचनातही असायचा. म्हणून आजच्या सवयीचा वाचक जुनी प्रत उघडतो आणि एका गावचा दुष्काळ अख्ख्या तालुक्याचा समजतो. आणि नवी जुळणी करणाऱ्याला तर प्रत्येक ठिकाणी थांबून ठरवावं लागतं की अनुस्वार ठेवायचा की काढायचा. मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको, एका गावात पाऊस न होणं आणि गावागावांत न होणं यात किती अंतर आहे.

याच्या उलटही होतं. जुन्या लेखनात 'तें गेलें' आणि 'ते गेले' ही दोन वेगळी वाक्यं होती. 'तें गेलें' म्हणजे लेकरू गेलं. 'ते गेले' म्हणजे घरातलं मोठं माणूस गेलं. आजच्या प्रमाण लेखनात दोन्ही 'ते गेले'. मागचापुढचा संदर्भ असेल तर कळतं, पण प्रकरणाची सुरुवातच त्या वाक्यानं झाली असेल तर? जुन्या प्रतीत पहिल्या दोन शब्दांत काळजात धस्स व्हायचं, नव्या प्रतीत वाचक चार ओळी चाचपडतो. कुणी मुद्दाम काही बदललं नाही, नियम पाळले, तरी वाचताना फरक पडला. म्हणून लेखन बदलून जुळवलेलं पुस्तक माझ्या हिशेबी नवी आवृत्तीच, आणि 'लेखन आजच्या नियमांनुसार केले आहे' हे वाक्य आत छापलंच पाहिजे. दोन दोन प्रती घरात ठेवते म्हणून मला नावं ठेवणारे नातेवाईक आहेत. एकदा दोन्ही शेजारी उघडून वाचा, मग बोला.

मुखपृष्ठाचा मुद्दा मी वर एका शब्दात उरकला, पण सिनेमामुळे त्याला वेगळं वळण लागतं. कादंबरीवर चित्रपट आला की नटनट्यांचा फोटो मुखपृष्ठावर येतो आणि लोक त्याला 'चित्रपटाची आवृत्ती' म्हणू लागतात. हा शब्द मला सहन होत नाही. चित्रपट ही पुस्तकाची आवृत्ती नसते. ती दुसरी कलाकृती असते, तिचे लेखकही बऱ्याचदा दुसरे असतात. १९७९ चा 'सिंहासन' बघा. जब्बार पटेलांचा हा चित्रपट अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे, 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक', आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. चित्रपट बघून कुणी फक्त 'सिंहासन' विकत आणलं, तर मुखपृष्ठ कसलंही असो, त्याच्या हातात अर्धीच मूळ सामग्री आली. 'जैत रे जैत'चं तसंच. आमच्या पळसखेडच्या ना. धों. महानोरांची गाणी गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीत शोधणारी माणसं मला भेटली आहेत. ती गाणी चित्रपटासाठी लिहिली गेली. कादंबरीत ती नाहीत, म्हणून कुणाची प्रत अपुरी ठरत नाही.

बाकी, प्रत ओळखायची कशी? प्रकाशकाचा पत्ता आणि किंमत असते ते पान उघडा आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक बघा. जसंच्या तसं पुनर्मुद्रण असेल तर जुनाच क्रमांक चालतो, मजकूर बदललेल्या आवृत्तीला नवा घ्यावा लागतो. २००७ पासून हा क्रमांक तेरा आकडी झाला, त्याआधी दहा आकडी होता, तेवढ्यावरून गोंधळू नका. प्रकाशक बदलला किंवा कापडी बांधणीची कागदी झाली तरी क्रमांक बदलतो, तेव्हा हा पुरावा एकटा पुरत नाही. प्रस्तावना बघा, लेखकानं 'या आवृत्तीविषयी' असं काही लिहिलंय का ते वाचा. मी एकदा टपालानं 'पहिली आवृत्ती' म्हणून एक कादंबरी मागवली, चांगले बाराशे रुपये मोजले. आली ती पहिल्या आवृत्तीचं तिसरं पुनर्मुद्रण. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, आवृत्ती पहिलीच आहे ना?" शब्दाला धरून तो बरोबर होता. संग्रह करणाऱ्यानं 'पहिल्या आवृत्तीचं पहिलं मुद्रण' असंच विचारावं, मी तेव्हापासून तसंच विचारते.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते लेकरांसाठी पुस्तक घेताना. आपल्याकडे लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०१० संपलं आणि 'श्यामची आई' सर्वांना मोकळी झाली. कुणीही छापावी. छापली तर आनंदच आहे, पण त्यात कापलेल्या, सोप्या केलेल्या प्रतीही आल्या, आणि 'संक्षिप्त' हा शब्द काहींवर इतका बारीक असतो की सापडत नाही. अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट आजीनं पाहिलेला असतो, सुवर्णपदक मिळालेला म्हणून ती कौतुकानं सांगते, आणि नातवाच्या हातात येतं ते ऐंशी पानांचं चोपडं. तिथं माझी एकच खूण आहे. गुरुजींनी पुस्तकातल्या प्रकरणांना 'रात्री' म्हटलं आहे, आणि त्या रात्री बेचाळीस आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात गेले होते. त्याला सातवीच्या बाईंनी हेच पुस्तक आणायला सांगितलेलं. दुकानदारानं वरचंच एक पुढं केलं, रंगीत, गुळगुळीत. पोरानं अनुक्रमणिका उघडली आणि बोट ठेवून मोजायला लागला.

"आत्या, ह्याच्यात एकोणतीसच रात्री आहेत. बाकीच्या कामून काढल्या?"

दुकानदारानं त्याच्याकडं बघितलं, प्रत परत घेतली आणि स्टूल ओढून वरच्या फळीवर हात घातला.