गेशा कॉफी

गेशा हा अरेबिका कॉफीचा एक वाण, काही जण गेइशा असंही लिहितात. जाईच्या फुलांसारखा वास, बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं एक सुगंधी फळ) आणि संत्र्याच्या जातीतला आंबटपणा, मधासारखा गोडवा आणि चहाइतकी हलकी बॉडी, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, ही त्याची ओळख. मूळ नैऋत्य इथिओपियातल्या जंगलातलं, नाव झालं ते मात्र पनामात, तेही २००४ नंतर. जपानमधल्या गेइशांशी याचा काही संबंध नाही, गेशा हे इथिओपियातल्या त्या भागाचं नाव आहे आणि स्पेलिंग वसाहतकाळातल्या कागदपत्रांत बदललं.

मूळ कुठलं, यावर बराच खल झालाय. बी १९३० च्या दशकात गोळा केलं एवढं सगळेच मानतात. त्यापुढे काही ठिकाणी १९३१ साल सापडतं, इथिओपियातल्या गेशा व्हिलेज या मळ्याने तर आपल्या एका निवडीला गेशा १९३१ असंच नाव दिलंय, आणि काही ठिकाणी १९३६ साल आणि त्या वेळी इथिओपियातल्या ‘माजी’ नावाच्या गावी असलेले ब्रिटिश कॉन्सल रिचर्ड व्हॅली यांचं नाव येतं. आता एकच साल पकडून बसण्यात फारसा अर्थ नाही, कारण बी एका झाडाचं नव्हतं, जंगलातल्या वेगवेगळ्या झाडांचं होतं आणि इथिओपियाच्या जंगलात कॉफीची विविधता प्रचंड आहे, म्हणजे एकाच नावाच्या पिशवीतून सुरुवातीपासूनच निरनिराळी रोपं बाहेर पडली असणार. हे बी पूर्व आफ्रिकेतल्या संशोधन केंद्रांमध्ये फिरलं, त्यातलं टांझानियातलं ल्यामुंगू हे केंद्र सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुढचा धागा तिथूनच लागतो. १९५३ मध्ये तिथून काही बी कोस्टा रिकात तुरिआल्बा इथल्या शेतीसंशोधन संस्थेत गेलं आणि तिथल्या संग्रहात टी-२७२२ या क्रमांकाने नोंदवलं गेलं. (ही संस्था आज काटिए म्हणून ओळखली जाते, पण ते नाव १९७३ नंतरचं, त्यामुळे ‘१९५३ मध्ये काटिएला आलं’ हे वाक्य सगळीकडे दिसत असलं तरी काटेकोर नाही.)

टी-२७२२ हा क्रमांक लक्षात ठेवायलाच हवा. गेशा नावाने आज जगभर जी झाडं विकली जातात ती सगळी एक नाहीत, उदाहरणार्थ मलावीत लावला जाणारा गेशा ५६ वेगळा आहे. वर्ल्ड कॉफी रिसर्च या संशोधन संस्थेच्या जनुकीय तपासणीत पनामातली टी-२७२२ ची संतती एकसारखी आणि बाकीच्यांपेक्षा स्पष्ट वेगळी निघाली. त्यामुळे ‘गेशाची चव’ म्हणून जे काही बोललं जातं ते खरं तर या एका घराण्याबद्दल आहे, नुसत्या नावाबद्दल नाही, आणि पाकिटावर नाव वाचून पैसे मोजणाऱ्याने हे आधी विचारावं. पालवीच्या रंगावरूनही वाद होतो. कोवळी पानं काही झाडांवर हिरवी, काहींवर तांबूस असतात आणि हिरव्या पालवीचीच चव चांगली असं अनेक जण सांगतात, पण पनामातल्या गेशात दोन्ही रंग आढळतात, तेव्हा निव्वळ रंगावरून निवाडा करू नये हे बरं.

पनामात हा वाण तुरिआल्बाच्या संग्रहातून १९६० च्या दशकात आला, बहुतेक जण १९६३ साल आणि फ्रान्सिस्को सेरासिन यांचं नाव देतात. आणला तो चवीसाठी नाही, तांबेरा रोगाला थोडाफार टिकतो म्हणून. शेतकऱ्यांना तो आवडला नाही. झाड उंच वाढतं, फांद्या ठिसूळ, उत्पन्न कमी, आणि कमी उंचीवर लावलं तर कपातही विशेष काही मिळत नाही. मग बोकेतेजवळच्या हासिएंदा ला एस्मेराल्डा या मळ्यात पीटरसन कुटुंबाने वेगवेगळ्या तुकड्यांमधली कॉफी मिसळायच्या आधी वेगवेगळी चाखून बघितली, तेव्हा हारामियो भागातल्या उंचावरच्या झाडांची कॉफी बाकी सगळ्यांपेक्षा निराळी निघाली. २००४ च्या बेस्ट ऑफ पनामा स्पर्धेत ती पहिली आली आणि लिलावात पौंडाला २१ डॉलर मिळाले, तेव्हा तो विक्रम होता. २०१९ मध्ये एलिदा मळ्याच्या गेशाला पौंडाला १,०२९ डॉलर मिळाले, आणि २०२५ मध्ये एस्मेराल्डाच्याच वॉश्ड (धुऊन वाळवलेल्या) गेशाचा भाव किलोला ३०,२०४ डॉलरवर गेला. हे भाव लिलावातल्या छोट्याशा लॉटचे, म्हणजे मोजक्याच मालाचे आहेत, गेशाचा सर्वसाधारण दर म्हणून ते सांगू नयेत.

चवीबद्दल. उंचावर थंडी असते, फळ सावकाश पिकतं आणि बियांमध्ये साखर आणि आम्लं साठायला वेळ मिळतो, साधारण १,५०० मीटरच्या वर गेशा खुलायला लागतो असं म्हणता येईल. वॉश्ड पद्धतीत, म्हणजे गर काढून, आंबवून, धुऊन वाळवलेल्या कॉफीत फुलांचा वास सगळ्यात स्वच्छ लागतो. फळासकट वाळवलेल्या नॅचरलमध्ये बेरी, पिकलेलं आंबा-पपईसारखं फळ, थोडी वाइनची झाक येते. गेली काही वर्षं ऑक्सिजनविना आंबवण्याचे प्रयोग खूप चाललेत, त्यातले काही खरंच सुंदर असतात, पण प्रक्रियेचाच वास इतका चढतो की आत गेशा आहे की दुसरा कुठला वाण हे ओळखू येत नाही, म्हणून वाण समजून घ्यायचा असेल तर सुरुवात वॉश्डनेच करावी. भाजणी हलकी हवी. गडद भाजली की फुलांचा वास जातो आणि भाजल्याची कडू चव उरते, मग गेशाच कशाला घ्यायचा.

बनवताना पोअर-ओव्हरच, म्हणजे फिल्टरमधल्या कॉफीवर वरून हाताने पाणी ओतून गाळायची पद्धत, सगळ्यात जास्त वापरतात, त्यातही व्ही-६० सारखा शंकूच्या आकाराचा ड्रिपर, कारण कागदी फिल्टर तेल आणि बारीक चुरा अडवतो आणि कप स्वच्छ राहतो. १५ ग्रॅम कॉफीला २४० ते २५० ग्रॅम पाणी, दळण मध्यम, पाणी ९२ ते ९५ अंश. हलकी भाजलेली बी घट्ट असते, पटकन विरघळत नाही, म्हणून ‘नाजूक कॉफी आहे तर पाणी कोमट ठेवू’ हा विचार उलटा पडतो आणि कप पातळ, आंबट लागतो. आधी ४० ते ४५ ग्रॅम पाणी ओतून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचं, आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड निघू द्यायचा, मग उरलेलं पाणी दोन-तीन टप्प्यांत हलक्या हाताने. एकूण अडीच ते साडेतीन मिनिटं. तोंड कोरडं पडायला लागलं तर दळण जाड करा किंवा ओतताना ढवळणं कमी करा, नुसता आंबटपणा राहिला तर दळण बारीक करा, एका वेळी एकच गोष्ट बदला.

पाण्याकडे लोक सगळ्यात कमी बघतात आणि घात तिथेच होतो. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असलं की ते कॉफीतली आम्लं मारतं, बर्गमॉट आणि संत्र्याची चव सपाट होते आणि माणूस बियांना दोष देतो. पूर्ण डिस्टिल्ड पाणीही चालत नाही, थोडं मॅग्नेशियम-कॅल्शियम लागतं. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या जुन्या मार्गदर्शक आकड्यांत विरघळलेले क्षार लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास आणि अल्कलिनिटी (म्हणजे पाण्याची आम्लं मारण्याची ताकद) ४० च्या आसपास धरलीय, गेशासाठी त्याहून थोडं मऊ पाणीही बऱ्याच जणांना आवडतं.

भाजल्यावर लगेच पिऊ नये, एक ते तीन आठवडे थांबलं तर वास जास्त मोकळा होतो. कप गरम असताना फुलांचा वास जाणवतो आणि फळाचा गोडवा कोमट झाल्यावर येतो, त्यामुळे घाईने संपवण्यात अर्धी कॉफी वाया जाते. दुधात गेशाचा वास बुडतो. एस्प्रेसो करता येते पण आंबटपणा एकवटतो, तेव्हा पाण्याचं प्रमाण वाढवून काढतात. थंड हवी असेल तर रात्रभर भिजवण्यापेक्षा गरम पाण्याने थेट बर्फावर गाळलेली चांगली, थंड पाण्यात वरचे सुगंध नीट उतरत नाहीत.